नेरूळच्या फ्लॅटमध्ये सात जणी आणि फ्लू

नेरूळ पूर्वेला सिडकोच्या जुन्या इमारतींत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे कुटुंब राहत नाही, शिकणाऱ्या मुली राहतात. तिथे भाडं घराचं नसतं, कॉटचं असतं. आमच्या टू बीएचकेत सात कॉट आहेत. मोठ्या बेडरूममध्ये तीन, लहानीत दोन, हॉलमध्ये दोन. बाथरूम एक, संडास एक. दोन कॉटच्या मध्ये जेमतेम चपला काढण्याइतकी जागा, त्यामुळे रात्री एकीने कूस बदलली तरी शेजारणीला कळतं. आम्ही तिथे गुण्यागोविंदाने राहतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण अशा घरात एकीला ताप आला की तो एकीचा राहत नाही, आणि तो कसा निभवायचा हे ना घरमालक सांगत, ना एजंट, ना कॉलेज. गेल्या पावसाळ्यात आमच्यावर ती वेळ आली. बाहेरगावाहून नवी मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं नीट लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यातली. आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा मी अगदी लहान होते. आई ड्यूटीवरून आली की आधी अंघोळ आणि मगच आम्हाला जवळ घेणं, एवढं मात्र लख्ख आठवतं. तो एच१एन१ विषाणू तेव्हापासून गेलेलाच नाही, आता तो दरवर्षीच्या फ्लूतलाच एक होऊन बसलाय. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो. एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यात. म्हणून आई दर जूनच्या आधी मला फ्लूची लस घ्यायला लावते. नवी मुंबईत आल्यावरही तिने तो नेम चुकू दिला नाही, आणि त्याचा फायदा पुढे साऱ्या घराला झाला.

सुरुवात गौरी-गणपतीनंतर झाली. आमची चिपळूणची मैत्रीण गावाहून परत आली. कोकणातून परतीच्या गाड्यांना त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. ती दारापाशी सामानावर बसून पनवेलपर्यंत आली आणि तिथून हार्बर लोकलने नेरूळला. येताना ठणठणीत होती. एक दिवस कॉलेजही केलं. मग एका दुपारी अंग मोडून आलंय म्हणत आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत तापाने फणफणली. फ्लू असा एकदम झडप घालतो. साधी सर्दी दोन दिवस नाकात गुणगुणत मग वाढते, पण फ्लूमध्ये माणूस कधी आजारी पडला ती वेळसुद्धा सांगू शकतो. डोकं ठणकतं, पाठ आणि पिंढऱ्या दुखतात, घसा धरतो, कोरडा खोकला येतो.

पहिल्या रात्री घरात जे झालं ते प्रत्येक हॉस्टेलमध्ये होत असेल. प्रत्येकीने आपापली गोळी काढली. एकीने पॅरासिटामॉल दिली, दुसरीने सर्दीची गोळी, तिसरी खालच्या मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन घेऊन आली, कारण तिच्या भावाला त्याने उतार पडला होता. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. मी आईला फोन लावला. ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "आधी सगळ्या गोळ्या एका ठिकाणी गोळा कर आणि पाकिटावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव." वाचून दाखवल्यावर कळलं की सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल आहेच. म्हणजे एकाच औषधाचे दोन डोस एकावर एक पडणार होते. मोठ्या माणसाला दिवसभरात जास्तीत जास्त चार ग्रॅम पॅरासिटामॉल चालतं, त्यापलीकडे ते यकृताला घातक ठरतं. आणि फ्लू हा विषाणूचा आजार. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. ते पाकीट तसंच परत केलं.

त्या रात्रीच फ्रिजवर एक कागद चिकटवला. वहीचा आडवा कागद, पट्टीने आखलेल्या रेघा: नाव, वेळ, ताप किती, गोळी कोणती, कोणी दिली. शेजारी दोऱ्याला बांधलेलं बॉलपेन. पुढच्या दिवसांत एकेका नावाची भर पडत तो कागद गच्च भरला, कडेला हळदीचे डाग पडले, पण त्याच्याशिवाय आमचं पान हललं नसतं. पहाटे तीनला ताप चढला की दिवा लावून कागद पाहायचा. सहा तास झालेत का? नसतील तर कोमट पाण्याने अंग पुसायचं, गोळी नाही. डॉक्टरांकडेही आम्ही तोच कागद घेऊन गेलो आणि त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला.

आमच्या सेक्टरमधले ते डॉक्टर वयस्कर आहेत. चिपळूणच्या मैत्रिणीला तपासताना त्यांनी खोकल्याआधी दुसरंच विचारलं. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालत आलीस का? पायाला जखम आहे का? खोलीत डास आहेत का? मग आम्हाला समजावून सांगितलं. सप्टेंबरमध्ये नवी मुंबईत ताप आला तर फ्लू, डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो हे चारही मनात धरायला हवेत. फ्लूमध्ये खोकला, घसा, नाक हे ठळक असतं. डेंग्यूत ते सहसा नसतं, डोळ्यांच्या मागे दुखतं, अंगावर पुरळ येऊ शकतं. मलेरियात थंडी वाजून हुडहुडी भरते. लेप्टो तुंबलेल्या पाण्यातून येतो, उंदरांच्या लघवीमुळे. पण नुसत्या लक्षणांवर विसंबायचं नाही, रक्त तपासायचं. त्यांनी डेंग्यूची एनएस१ चाचणी, मलेरियासाठी रक्ताचा नमुना आणि प्लेटलेटसह सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला सांगितलं. मलेरियाची तपासणी पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात फुकट होते, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. रिपोर्ट येईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन अजिबात नाही, असं त्यांनी बजावलं. डेंग्यू निघाला तर त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

रिपोर्ट निर्धोक आले. डॉक्टर म्हणाले, फ्लूच आहे, त्याची वेगळी चाचणी हिला नको. सरकारी मार्गदर्शनात फ्लूच्या रुग्णांचे गट पाडलेले आहेत. सौम्य ताप-खोकला तो अ गट, त्याला घरी विश्रांती आणि लक्ष ठेवणं पुरतं. ताप जास्त, घसा फार दुखतो, किंवा रुग्णाला आधीच दमा, मधुमेह, हृदयविकार असं काही आहे, बाई गरोदर आहे, तर तो ब गट. तिथे ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करतात, चाचणीची वाट न पाहता. धाप, छातीत दुखणं, ग्लानी, थुंकीतून रक्त, नखं-ओठ निळे पडणं म्हणजे क गट, सरळ रुग्णालय. हे सांगून त्यांनी आम्हाला विचारलं, "घरात दमा कुणाला आहे?"

दमा आमच्या लातूरच्या मैत्रिणीला आहे. ती चिपळूणवालीच्या शेजारच्या कॉटवर झोपायची.

फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, बहुतेकांना दोनेक दिवसांत. आणि माणूस ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला आजार देऊ लागतो. म्हणजे आजारी माणसाला बाजूला काढेपर्यंत उशीर झालेलाच असतो, हे खरं. पण म्हणून हात टेकायचे नाहीत. ताप आल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त विषाणू बाहेर पडतो. ते दिवस सांभाळले तर सातातल्या निदान तिघी-चौघी वाचतात, असं आईचं म्हणणं होतं आणि ते आम्ही मनावर घेतलं.

लहान बेडरूम रिकामी केली. तिथल्या दोघींपैकी एक मी, दुसरी जळगावची. ती मोठ्या बेडरूममध्ये गेली, मी स्वयंपाकघरात गादी टाकली आणि आजारी मुलीला लहान खोलीत आणलं. आता प्रश्न हवेचा. फ्लू खोकल्याच्या, शिंकेच्या तुषारांतून पसरतो आणि कोंदट खोलीत त्यातले बारीक कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. खिडकी उघडी हवी. पण नेरूळमध्ये सप्टेंबरच्या संध्याकाळी खिडकी उघडी ठेवा आणि बघा. मागे गटार, समोर बांधकामाच्या जागेवर साचलेलं पाणी, डासांचा थवाच्या थवा आत. एका आजारासाठी उघडायची तीच खिडकी दुसऱ्या आजारासाठी बंद करायची, अशी कोंडी. पावसाळ्यात आपल्या पीजीमधल्या सगळ्या खोल्या दारं-खिडक्या लावून का बसलेल्या असतात, ते मला तेव्हा कळलं.

यावर उपाय स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. मच्छरजाळी मीटरवर मिळते, सोबत चिकटपट्टीचं वेल्क्रो. खिडकीच्या चौकटीला चारी बाजूंनी वेल्क्रोची एक पट्टी चिकटवायची, दुसरी जाळीच्या कडेला शिवायची. जळगावच्या मैत्रिणीने हाताने धावदोरा घातला. जाळी ताणून बसवली तेव्हा खालच्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली, तिथे जुन्या ओढणीची घडी कोंबली. मग खिडकीपाशी स्टुलावर टेबलफॅन ठेवला, तोंड बाहेरच्या बाजूला करून. सगळ्यांना ते विचित्र वाटलं, पंखा आपल्याकडे नको का? पण पंखा बाहेर तोंड करून लावला की खोलीतली हवा बाहेर फेकली जाते आणि दाराखालच्या फटीतून घरातली हवा खोलीत ओढली जाते. आजारी खोलीतली हवा उलट हॉलमध्ये येत नाही. दारापाशी उदबत्ती धरून पाहिली, धूर आत ओढला जात होता. ते बघून मला फार बरं वाटलं, कारण त्या सगळ्या धांदलीत डोळ्यांनी दिसणारी तीच एक गोष्ट होती.

बाकीच्या पाच जणींनी झोपण्याची दिशा बदलली. एका कॉटवर डोकं खिडकीकडे, तर शेजारच्या कॉटवर पाय खिडकीकडे. कॉट हलवायला जागा नसली तरी दोन तोंडांमधलं अंतर त्याने कितीतरी वाढतं, आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. आजारी मुलीची सेवा एकीनेच करायची असं ठरलं आणि ती मी, कारण लस घेतलेली घरात मी एकटीच होते. खोलीत जाताना मी मास्क लावायचे, तीही लावायची, बाहेर आल्यावर साबणाने हात. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण होण्याची शक्यता कमी होते आणि झालाच तर सहसा जिवावर बेतत नाही. मला त्या काळात काही झालं नाही. त्याचं श्रेय एकट्या लशीला देणार नाही, मास्क आणि ती उघडी खिडकीही त्यात होतीच.

बाथरूम एकच, तिथे काय करणार? आजारी मुलीने सगळ्यांच्या नंतर जायचं, नंतर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून अर्धा तास कुणी जायचं नाही, नळ आणि कडी साबणाच्या फडक्याने पुसायची. टॉवेल प्रत्येकीचा आपापल्या खोलीत. भांडी वेगळी काढावीत का यावर चर्चा झाली. साबणाने नीट घासलेल्या भांड्यातून फ्लू येत नाही, त्यामुळे आम्ही फक्त तिचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. खरी अडचण अशा वस्तूंची, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गॅसचा लायटर, फिल्टरचा नळ, लाइटची बटणं, आणि आमच्या घरातला तो एकमेव लांब वायरचा चार्जर, जो सातही जणींच्या हातातून फिरतो. कडक पृष्ठभागावर हा विषाणू दिवसभर किंवा त्याहूनही जास्त टिकू शकतो. चार्जर त्या दिवसांत आजारी मुलीलाच देऊन टाकला.

एवढं करूनही लातूरच्या मैत्रिणीला ताप आलाच. तिला ज्या संध्याकाळी कणकण वाटली त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे होतो. दम्यामुळे ती ब गटात. त्यांनी लगेच ऑसेल्टामिविर लिहून दिलं, ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, म्हणून दुखणं अंगावर काढायचं नाही असं ते म्हणाले. मळमळ होते, तेव्हा जेवणानंतर घ्यायचं. बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही. इनहेलर चालूच.

त्याच रात्री घरमालकांचा फोन आला. वॉचमनकडून त्यांना कळलं असावं. त्यांचं म्हणणं एकच, आजारी मुलींनी आपापल्या गावी जावं, बाकीच्यांना त्रास नको. लातूरच्या काकूही फोनवर रडत होत्या, "रातच्या गाडीनं लावून दे तिला, इथं आम्ही बघतो." दोघांचंही मन मला समजत होतं. तरीही मी नाही म्हटलं, आणि ते मला आजही शंभर टक्के योग्य वाटतं. दमा असलेल्या, ताप चढलेल्या मुलीने रात्रभर बंद एसी बसमध्ये बसायचं, वाटेत धाप लागली तर दवाखाना कुठे शोधायचा? आणि त्या बसमधल्या इतर प्रवाशांचं काय? घरी तिची आजी आहे, धाकटा भाऊ आहे, त्यांचं काय? १९१८च्या जूनमध्ये फ्लूची साथ मुंबई बंदरात उतरली आणि तिथून रेल्वेने देशभर पोहोचली. त्या साथीत हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली. आजारी माणसाला गाडीत बसवून लांब पाठवणं म्हणजे आपल्या दारातला आजार दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं. मालकांना मी डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली, त्यात "प्रवास करू नये" असं स्पष्ट लिहून घेतलं होतं. ते नाराज झाले, पण पुन्हा फोन आला नाही. काकूंना सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल लावून द्यायचा असं ठरलं. पोरगी डोळ्यांना दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

जेवणाचं सगळं डब्याच्या मावशींनी तारून नेलं. त्या गावठाणात राहतात, आगरी आहेत. चपाती-भाजीच्या डब्याऐवजी तांदळाची पेज, मुगाची मऊ खिचडी, कधी टोमॅटोचं सार असं पाठवायच्या, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. तापात भूक जाते पण पाणी पोटात गेलंच पाहिजे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय, ही खूण आईने सांगितली होती. ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यात पूर्ण मिसळायचं, थोडी पूड पेल्यात टाकून नाही. मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो. आलं-गवती चहाचा काढाही आम्ही केला, गरम गरम प्यायला छान वाटायचं. त्याने विषाणू मरत नाही, पण आजारी माणसाला कुणीतरी हातात गरम पेला देतंय याचं मोल मी कमी मानत नाही. वाफारा मात्र गॅसवरच्या पातेल्यावर ओढणी घेऊन घ्यायचा नाही असं ठरवलं. एवढ्याशा ओट्यापाशी कुणीतरी पोळून निघालं असतं.

लातूरवालीच्या बाबतीत घाबरण्याची एक रात्र आली. ताप उतरत चालला होता आणि आम्ही जरा सैलावलो होतो. रात्री तिला खोकल्याची मोठी उबळ आली, इनहेलरने आराम पडेना. तिला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं, दर दोन-तीन शब्दांनी श्वास घ्यावा लागत होता. ऑक्सिमीटर लावला तर ९२. बोट गार असलं की आकडा चुकतो, म्हणून हात चोळून परत लावला, तरी ९३च. ९४च्या खाली आकडा राहिला तर वाट बघायची नाही, हे डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं होतं. मी १०८ला फोन लावला आणि दुसऱ्या मैत्रिणीने तिची फाइल उचलली: फ्रिजवरचा कागद, रिपोर्ट, औषधाची पाकिटं, आधार कार्ड. अशा वेळी शोधाशोध करायला कुणाचे हात चालत नाहीत, म्हणून ते सगळं आधीच एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगलेलं होतं. पालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजन आणि नेब्युलायझेशन सुरू झालं, एक्स-रे काढला. न्यूमोनिया नव्हता, फ्लूने दमा उसळला होता. ऑसेल्टामिविर पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं हे तिथल्या डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतलं आणि बरं झालं म्हणाले. थोड्याच दिवसांत ती घरी आली.

याच जागी एक गोष्ट सांगून ठेवते. ताप उतरून, बरं वाटून, पुन्हा ताप आणि आधीपेक्षा वाईट खोकला आला तर ती धोक्याची खूण असते. विषाणूने फुप्फुस हळवं केल्यावर त्यावर जिवाणू चढतात, आणि तो न्यूमोनिया तरुण माणसालाही आडवा करतो. अँटिबायोटिक तेव्हा लागतं, ते डॉक्टर देतात.

पुढे हॉलमधल्या एकीला ताप आला, तिचा अ गटातच निभावला. बाकीच्या चौघी सुटल्या. सातातल्या तिघी आजारी पडल्या म्हणजे कमी की जास्त, हे मला सांगता येणार नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या फ्लॅटमध्ये मात्र सगळेच एकामागून एक पडले, तिथे एसी लावून दारं-खिडक्या बंद होत्या.

सगळ्यात अवघड गेलं ते हजेरीचं. मुंबई विद्यापीठाच्या नियमाने ७५ टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसण्याची पंचाईत. ताप गोळी न घेता पूर्ण २४ तास गेलेला असला की मगच माणसांत मिसळायचं, असा नियम डॉक्टरांनी दिला. गोळी घेऊन उतरलेला ताप हा उतरलेला ताप नाही. चिपळूणच्या मैत्रिणीच्या वर्गशिक्षिकांनी वैद्यकीय प्रमाणपत्राचा फोटो फोनवर घेतला आणि म्हणाल्या, झोपून राहा. हॉलमधल्या मैत्रिणीला मात्र तिच्या कॉलेजात, प्रमाणपत्र स्वतः येऊन खिडकीवर द्या, नाहीतर प्रॅक्टिकलचे गुण जातील, असं सांगण्यात आलं. ती पोर १०१ ताप घेऊन मास्क लावून निघाली होती, आम्ही तिला जिन्यावरून परत आणलं आणि प्रमाणपत्र घेऊन जळगावची गेली. प्रॅक्टिकलचं पुढे काय करायचं ते विभागप्रमुखांनी नंतर सावरून घेतलं. पण विचार करा, बंद लॅबमध्ये तीस-चाळीस मुलं, त्यांत ही तापाने फणफणलेली. मुलं ताप अंगावर काढून कॉलेजला येतात ती हौसेने नाही, नियमांच्या धास्तीने येतात. पावसाळ्याच्या सत्रात प्रमाणपत्र फोनवर स्वीकारायचं आणि प्रॅक्टिकल पुन्हा घ्यायचं, एवढं प्रत्येक कॉलेजने सुरुवातीलाच लिहून जाहीर केलं, तर कितीतरी घरांतला फ्लू पहिल्या कॉटवरच थांबेल असं मला मनापासून वाटतं.

बरं होणं वेळखाऊ असतं. ताप तीन ते पाच दिवसांत जातो, खोकला आणि थकवा दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतो. चिपळूणची मैत्रीण ताप गेल्यावरही स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबायची. तिला वाटे आपलं काहीतरी बिघडलंय. डॉक्टरांनी फुप्फुसं तपासून सांगितलं, फ्लूनंतर असं होतं, पोटभर खा, झोप घे, पळापळ करू नको.

यंदा मे महिन्यातच आम्ही तयारीला लागलो. प्रत्येकीकडून थोडे पैसे काढून एका डब्यात थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस आणि मास्क भरून ठेवले. जाळी आता तिन्ही खोल्यांच्या खिडक्यांना आहे. लहान बेडरूममध्ये राहणाऱ्या दोघींना प्रवेश घेतानाच सांगितलंय की कुणी आजारी पडलं तर ही खोली आजारी मुलीची. प्रत्येकीच्या घरचा नंबर, रक्तगट, जुना आजार, कोणत्या औषधाची अॅलर्जी, हे सगळं कपाटाच्या दाराला आतून लावलंय. करार नव्याने करताना मालकांशी बोलून "आजारपणात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खोली सोडायला सांगणार नाही" ही ओळ घालून घेतली. ते आधी कुरकुरले, मग त्यांच्या मिसेस मध्ये पडल्या. त्यांचीही मुलगी पुण्यात पीजीत राहते.

राहिली लस. ती दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत हे ठरवते. घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यायची. दंडावर एक टोचणी, दिवसभर हात दुखतो, एखादीला थोडी कसर येते. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तेव्हा लशीने फ्लू होतो ही भीती खोटी आहे. खासगी दवाखान्यात दीड-दोन हजारांच्या घरात खर्च येतो आणि विद्यार्थ्याला तो जड जातो, हे मला मान्य आहे. लातूरच्या काकूंनी तर मुलीच्या लशीचे पैसे एप्रिलमध्येच पाठवले. सातातल्या पाच जणींनी घेतली. एकीचा स्टायपेंड जमा झाला की ती घेणार आहे, आणि जळगाववालीला सुईची भीती वाटते म्हणून येत्या शनिवारी मी तिच्यासोबत दवाखान्यात जाणार आहे.